मित्राची स्तुति

संस्कृतांत एक जुनें सुभाषित आहे. कोणाची स्तुति केव्हां करावी, याचा एक व्यवहारी नियम त्यांत सांगितला आहे. गुरूंची स्तुति त्यांच्या समक्ष करावी, मित्रांची व आप्तांची त्यांच्या पाठीमागें करावी, नोकरचाकरांची काम पुरें झाल्यावर करावी, आणि पुत्राची तर कधींच करूं नये, असा त्याचा भावार्थ आहे. यांपैकीं पुत्राविषयींचें कलम पालकांनीं केव्हांच रद्द करून टाकलें आहे, आणि गुरूंविषयींचें कलम शिष्यांच्या सोयीप्रमाणें चालतें. आजच्या भाषणाचा विषय मधलें कलम, म्हणजे मित्राची स्तुति, हा आहे. मित्राच्या गुणांविषयीं मित्रानें बोलावें कीं नाहीं, बोलावें तर कोणापुढें व कोणत्या शब्दांत, आणि मुख्य म्हणजे केव्हां, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

सुभाषितकारानें मित्राची स्तुति पाठीमागें करण्यास सांगितलें, यांत मोठें शहाणपण आहे. तोंडावर केलेल्या स्तुतीला स्वार्थाचा वास लवकर लागतो. आपल्या भाषेंत अशा स्तुतीला नांवांचा तोटा नाहीं. खुशामत, तोंडपुजेपणा, भाटगिरी, हरभऱ्याच्या झाडावर चढविणें हे सारे शब्दप्रयोग लोकांनीं अनुभवानें बनविले आहेत. उंटाच्या लग्नांत गाढवें गवई झालीं, आणि उंटाच्या रूपाची गाढवांनीं व गाढवांच्या गळ्याची उंटानें वाखाणणी केली, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. एकमेकांच्या पुस्तकांवर एकमेकांनीं अभिप्राय लिहिण्याची प्रथा जेथें जेथें पडते, तेथें तेथें या लग्नाची आठवण वाचकांना होतेच. अशा स्तुतीपासून मैत्री दूर ठेवावी, हा त्या जुन्या नियमाचा एक हेतु होता.

दुसरा हेतु याहून महत्त्वाचा आहे. पाठीमागें केलेल्या स्तुतीचा उपयोग मित्राला होतो. चार माणसांच्या बैठकींत एखाद्याचें नांव निघतें. तेथें तो हजर नसतो. त्याच्या वतीनें बोलण्यास कोणी नसतें. कोणी त्याच्या उणिवेवर बोट ठेवतो, कोणी ऐकीव गोष्ट सांगतो, आणि बाकीचे माना डोलावतात. अशा वेळीं मित्रानें शांतपणें म्हणावें कीं, "त्यांच्या हातून हिशेबांत कधीं एका पैचीहि चूक झालेली नाहीं, पंधरा वर्षें मीं तें पाहिलें आहे." एवढ्या एका वाक्यानें बैठकीचा रंग पालटतो. एखाद्या मुलाला नोकरी मिळणें, एखाद्या मुलीचें लग्न ठरणें, एखाद्या दुकानदाराची पत टिकणें, हीं अशाच, ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे त्याला कधीं न कळणाऱ्या वाक्यांवर अवलंबून असतात. पाठीमागची स्तुति करावी असें सांगणाऱ्याला हा व्यवहार पक्का ठाऊक होता.

परंतु लोकांनीं या नियमाचें अर्धेंच पालन केलें. मित्राची स्तुति तोंडावर करूं नये, एवढें त्यांनीं उचललें. पाठीमागें ती करावी, हें मात्र सोयीस्करपणें विसरलें गेलें. परिणाम असा झाला कीं, ती मुळींच होईनाशी झाली. सुशिक्षित मराठी घरांतून प्रशंसेची भाषा किती आंखडती आहे, हें पाहण्यासारखें आहे. उत्तम लेखाला "ठीक जमला आहे", उत्तम गाण्याला "बरें गातो", आणि अगदींच राहवलें नाहीं तर "वाईट नाहीं" असें म्हणावयाचें. ज्याच्या कामावर दोन रात्री जागून काढल्या, त्याच्या वांट्याला "वाईट नाहीं" हे दोन शब्द यावेत, हा काटकसरीचा कळस झाला.

या काटकसरीचीं कारणें तीन दिसतात. पहिलें कारण दृष्ट लागण्याची जुनी भीति. तिला शहाणे लोक हंसतात, पण ती त्यांच्याहि मनांतून पुरती गेलेली नसते. दुसरें कारण थोडेसें लाजिरवाणें आहे. मित्राच्या यशानें आनंद होतो हें खरें. पण बरोबरीचा मनुष्य एक पाऊल पुढें गेला म्हणजे मनाच्या कोंपऱ्यांत कोठेंतरी बारीकसें सलतें हेंहि खरें. परक्या माणसाच्या यशाविषयीं मोकळेपणानें बोलणारा गृहस्थ मित्राच्या यशाविषयीं बोलतांना शब्द मोजूं लागतो, याचें मूळ येथें आहे. तिसरें कारण सर्वांत सभ्य आणि सर्वांत फसवें आहे. "त्याला माझें मत ठाऊक आहेच, मुद्दाम बोलून दाखवावयाची गरज काय?" असें तें कारण. या तिसऱ्या कारणाचीच नीट तपासणी केली पाहिजे.

मनुष्याला स्वतःचे दोष पुष्कळ तोंडांनीं ऐकावयास मिळतात. वरिष्ठ सांगतात, शेजारी सुचवितात, घरचे तर रोज आठवण देतात. गुणांविषयीं मात्र त्याच्यापाशीं खात्रीचा पुरावा क्वचितच असतो. डोळ्याला सारें जग दिसतें, पण डोळा दिसत नाहीं. आपल्या हातून झालेलें काम खरोखर चांगलें झालें, कीं आपणांसच तसें वाटतें, हा संशय प्रामाणिक माणसाला नेहमीं असतो; आणि मनुष्य जितका प्रामाणिक, तितका तो संशय अधिक. तो दूर करण्यास जाणता आणि निःस्वार्थी असा साक्षीदार लागतो. असा साक्षीदार मित्रावांचून दुसरा कोण असणार?

रामायणांत या गोष्टीचा एक उत्कृष्ट दाखला आहे. किष्किंधाकांडाच्या शेवटीं सीतेच्या शोधास निघालेले वानर दक्षिण समुद्राच्या तीरावर येऊन थबकतात. लंका पलीकडे शंभर योजनांवर आहे हें संपातीनें सांगितलेलें असतें. प्रत्येक वानर आपापली उडी किती योजनांची हें सांगतो. वृद्ध जांबवान् नव्वदापर्यंत येतो. अंगद शंभर योजनें जाईन म्हणतो, पण परत येण्याची खात्री देत नाहीं. या साऱ्या गडबडींत हनुमान् मात्र एका बाजूला मुकाट्यानें बसलेला असतो. तेव्हां जांबवान् त्याच्यापाशीं जातो आणि त्याला त्याचीच हकीकत सांगूं लागतो. तो वायूचा पुत्र कसा, लहानपणीं सूर्याला फळ समजून त्यानें आकाशांत झेंप कशी घेतली, देवांनीं त्याला कोणते वर दिले, हें सारें तो क्रमानें सांगतो. तें ऐकतां ऐकतां हनुमंताचें शरीर वाढूं लागतें, आणि पुढें समुद्रोल्लंघन होतें.

जांबवंताच्या या भाषणांत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. त्यानें एकहि नवा गुण हनुमंताला चिकटविला नाहीं. जें घडलें होतें तेंच सांगितलें. त्यानें तें उडीच्या आधीं सांगितलें. लंकेहून परत आल्यावर हार घालण्यासाठीं राखून ठेवलें नाहीं. आणि त्यानें तें अशा माणसाला सांगितलें, कीं जो स्वतः होऊन पुढें येत नव्हता. जे आपली उडी आपणच मोजून सांगत होते, त्यांना या भाषणाची गरज नव्हती. प्रत्येक मित्रमंडळांत असा एखादा गृहस्थ बाजूला मुकाट्यानें बसलेला असतो. त्याला शोधून काढणें हें मित्राचें काम आहे.

याच्या उलट दाखला महाभारतांत आहे. कर्णाचा सारथि शल्य हा पांडवांचा मामा. कर्णाचा तेजोभंग करावा अशी विनंति धर्मराजानें त्याला युद्धापूर्वींच केली होती, आणि शल्यानें ती कबूल केली होती. कर्ण रणांगणांत निघाला असतां शल्य त्याला अर्जुनाचा पराक्रम ऐकवीत राहतो, आणि हंसाशीं उडण्याची पैज मारणाऱ्या कावळ्याची गोष्ट सांगतो. शस्त्राहून शब्द किती खोल जातात, हें व्यासांना माहीत होतें. आपल्या भोंवतीं मित्राच्या रथावर बसून शल्याचें काम करणारे पुष्कळ असतात. आणि तें ते कोणाच्या विनंतीवांचून, केवळ संवयीनें करीत असतात, एवढाच काय तो फरक.

स्तुति कोणत्या शब्दांत करावी, याचा धडा संगीताच्या बैठकींतून उत्तम मिळतो. गवयाला दाद देणें ही एक कलाच आहे. जाणता श्रोता एखाद्या अवघड जागेवर किंवा नेमका समेवर "वाहवा" म्हणतो, आणि गवयाची मुद्रा खुलते; कारण आपण काय केलें तें याला समजलें, ही त्याची खात्री होते. जो श्रोता समेचा विचार न करतां दर मिनिटाला मान हलवितो, त्याच्या दादेकडे गवई लक्ष देत नाहीं. मित्राच्या स्तुतीचें असेंच आहे. "तुमचें भाषण फार सुंदर झालें" हें वाक्य कोणीहि, भाषण न ऐकतांसुद्धां, बोलूं शकतो. "विरोधकाचें म्हणणें तुम्ही त्याच्याहून चांगल्या रीतीनें मांडलें आणि मगच उत्तर दिलें, हें फार आवडलें" असें म्हणणारा मनुष्य भाषण ऐकून आलेला असतो. पहिल्या वाक्यानें बोलणाऱ्याला क्षणभर बरें वाटतें. दुसऱ्यानें त्याला आपल्या हातांतील शक्ति कळते, आणि पुढच्या वेळीं तो ती जाणून वापरतो.

आतां काळाविषयीं. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें होतें. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्ष होते. त्या संमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलानें आपली कविता म्हटली. सभेला ती इतकी आवडली कीं, अध्यक्षांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली. आणि तेव्हांपासून महाराष्ट्र त्याला त्याच नांवानें ओळखूं लागला. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरीं त्याला आश्रय व माया मिळाली. १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत तो मरण पावला, तेव्हां त्याचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. पोराला इतक्यांत डोक्यावर चढवूं नये, आणखी दहा वर्षें पाहूं, मग पदवी देऊं, असा शहाणपणाचा विचार जळगांवच्या वडीलधाऱ्यांनीं केला असता, तर ती पदवी त्याच्या स्मारकावरच लिहावी लागली असती. त्यांनीं ती वेळेवर दिली, आणि त्याला जीं थोडीं वर्षें मिळालीं तीं त्या कौतुकाच्या उजेडांत गेलीं.

पण पुष्कळ ठिकाणीं असें घडत नाहीं. स्तुतीसाठीं समाजानें दोनच मुहूर्त राखून ठेवले आहेत; एक निरोपसमारंभाचा व दुसरा शोकसभेचा. एखादा मास्तर तीस वर्षें एका शाळेंत गणित शिकवितो. निरोपाच्या दिवशीं त्याच्या गळ्यांत हार पडतो, आणि शेजारच्या वर्गावर तीस वर्षें शिकविणारा त्याचा सोबती उठून सांगतो कीं, यांनीं फळ्यावर मांडलेलें उदाहरण पाहून आम्ही इतर मास्तर शिकत असूं. मास्तरांना हें त्या दिवशीं प्रथमच कळतें. दोन वर्गांमध्यें एका भिंतीचें अंतर होतें. तें ओलांडण्यास तीस वर्षें लागलीं. शोकसभेंत तर ऐकणाराच नसतो. तेथें मित्र एकामागून एक उठतात, आणि दिवंगताच्या गुणांची इतकी बारीक माहिती सांगतात कीं, ही सारी आजवर कोठें ठेवली होती असा प्रश्न पडावा. केशवसुतांसारख्या युगप्रवर्तक कवीचा संग्रहसुद्धां १९०५ सालीं त्यांचा मृत्यु झाल्यानंतरच हरिभाऊ आपट्यांच्या हातून प्रसिद्ध झाला.

या संबंधांत महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका मैत्रीचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक हे दोघेहि १८५६ च्या जुलै महिन्यांत, नऊ दिवसांच्या अंतरानें जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांची मैत्री झाली. सरकारी नोकरीचा मोह सोडून लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचें, हा निश्चय त्यांनीं तेथेंच केला. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालें. १८८१ सालीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं, आणि 'केसरी'चें संपादकत्व आगरकरांकडे आलें. कोल्हापूरच्या प्रकरणांत १८८२ सालीं दोघांना शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस बरोबर काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें लिहून ठेवली आहे.

यानंतर वाटा फुटल्या. सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय चळवळ आधीं, या प्रश्नावरून आणि संस्थेच्या कारभारावरून मतभेद वाढले. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी' सोडला, पुढल्या वर्षीं 'सुधारक' काढला. १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. एके काळीं एका कोठडींत राहिलेले दोघे मित्र आपापल्या पत्रांतून एकमेकांवर कडक टीका करूं लागले. १७ जून १८९५ रोजीं आगरकर वारले. त्यांच्या वयाचीं ३९ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्यावरील मृत्युलेख 'केसरी'साठीं तयार करतांना टिळकांचे डोळे वारंवार भरून येत होते, असें सांगतात. त्या लेखांत मतभेदांचा उल्लेख टाळलेला नाहीं. पण जुन्या सोबत्याची बुद्धि, त्याचा स्वार्थत्याग आणि त्याचा करारीपणा यांची मोकळ्या मनानें दिलेली साक्ष त्यांत आहे. साऱ्या महाराष्ट्रानें तो लेख वाचला. ज्याच्याविषयीं तो लिहिला होता, तोच तेवढा वाचावयास नव्हता.

यांत कोणालाहि दोष देण्याचा हेतु नाहीं. दोघेहि मोठे, आणि दोघांचा वाद तत्त्वाचा होता. त्या डोळ्यांतील पाण्यानें एवढें सिद्ध झालें कीं, टीकेच्या साऱ्या वर्षांत आदर कमी झालेला नव्हता. तो फक्त बोलला गेला नव्हता. टिळकांच्या मनाचा हा मोठेपणा पुन्हां एकदां दिसला तो १९१५ च्या फेब्रुवारींत. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची बातमी ऐकून ते सिंहगडावरून पुण्यास आले, आणि आयुष्यभर ज्यांच्या मताशीं झगडले त्यांना स्मशानांत त्यांनीं हिऱ्याची उपमा दिली व जमलेल्या लोकांना त्यांचें अनुकरण करण्यास सांगितलें. मतभेद आणि गुणग्रहण हीं एका अंतःकरणांत सुखानें राहूं शकतात, हें या दोन्ही प्रसंगांवरून दिसतें. मग त्यांतलें गुणग्रहण तेवढें स्मशानापर्यंत थांबवून ठेवण्याचें कारण काय? ज्यांचीं मतें जुळत नाहींत अशा मित्रांनीं तर एकमेकांची स्तुति अधिक जपून, पण अधिक वेळेवर केली पाहिजे. सहमत असलेल्याची स्तुति स्वस्त असते. विरोधकानें दिलेली साक्ष कोणत्याहि दरबारांत ग्राह्य धरली जाते.

येथें कांहीं पथ्यें सांगणें अवश्य आहे. स्तुतीच्या शेपटाला "पण" बांधूं नये. "निबंध छान आहे, पण अक्षर…" असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत अक्षरच राहतें. दोष सांगावयाचा असेल तर तो अवश्य सांगावा. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. स्तुति करतांना तिसऱ्याला खालीं ओढूं नये. "त्या अमक्यापेक्षां तुम्हीच बरे" या बोलण्यांत एकाचा सन्मान होत नाहीं आणि दुसऱ्याचा अपमान मात्र होतो. स्तुतीच्या पाठोपाठ काम सांगूं नये. नाहींतर ती स्तुति उसन्या पैशांवरील आगाऊ व्याज ठरते. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, जें खरें वाटत नाहीं तें मैत्रीसाठींहि बोलूं नये. मित्राचें नाटक पडलें असेल तर तें उत्तम होतें असें सांगणारा मनुष्य त्याचें पुढचें नाटकहि पाडतो. ज्याच्या तोंडून दोष ऐकले आहेत, त्याच्याच तोंडच्या स्तुतीला किंमत असते. खणखणीत वाजल्यावांचून नाणें कोणी घेत नाहीं.

स्तुति स्वीकारण्याचाहि एक रीतिरिवाज आहे. आपल्याकडे कोणी चांगलें बोललें कीं, "छे, छे, कसचें कसचें!" म्हणून दोन्ही हातांनीं तें परत लोटण्याची पद्धत आहे. तिला विनय म्हणतात. पण मित्र मनापासून कांहीं सांगत असतां त्याला असें परत लोटणें, म्हणजे तुम्हांला कांहीं कळत नाहीं असेंच त्याला सुचविणें होय. दिलेला तिळगूळ जसा हातावर घेतात, तशी ती साधेपणानें घ्यावी, "तुम्हांला तसें वाटलें याचें समाधान आहे" एवढें म्हणावें, आणि दुसऱ्या विषयाकडे वळावें. खोट्या विनयानें दोनचार वेळां परत गेलेला मित्र पांचव्या वेळीं बोलावयास येत नाहीं.

तेव्हां त्या जुन्या सुभाषिताला विरोध करण्याची आवश्यकता नाहीं. त्याला एक लहानसें पोटकलम जोडलें म्हणजे पुरे. मित्राची स्तुति पाठीमागें करावी आणि ती पुष्कळदां करावी, हें कायम ठेवावें. पण प्रत्येक मित्राला निदान एकदां तरी, त्याच्या हातून अजून काम व्हावयाचें आहे अशा वेळीं, त्याच्या एखाद्या खऱ्या गुणाविषयीं समक्ष किंवा पत्रानें स्पष्ट सांगावें. त्याला सभा, हार, मानपत्र यांची जरूर नाहीं. संध्याकाळीं फिरावयास जातांना चार वाक्यें बोलतां येतात. दूर असलेल्याला एक पत्र पाठवितां येतें.

हें भाषण ऐकणाऱ्या प्रत्येकाला असा एखादा मित्र असेलच, कीं ज्याच्याविषयीं चांगलें बोलण्याचा प्रसंग आला तर शब्दांची वाण पडणार नाहीं. ते शब्द कोणत्या सभेसाठीं राखून ठेवले आहेत, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. आणि शक्य असेल तर ते या आठवड्यांतच त्या मित्राकडे पोंचते करावे.